पोलीस पाटलांचा अहवाल

आमच्या गावात खोटं बोलायला कुणाची हरकत नव्हती, फक्त ते गोविंदराव पाटलांसमोर बोलायचं नाही एवढंच पथ्य होतं. समोर बोललं की ते लिहून घ्यायचे. मग दोन वर्षांनी तुम्ही काही वेगळं बोललात की वही उघडून आधीचं वाचून दाखवायचे, तेही चार माणसांत. त्यामुळं निम्मं गाव त्यांना पाहून रस्ता बदलायचं आणि उरलेलं निम्मं गप्प बसायचं.

गोविंदराव आमचे पोलीस पाटील. पोलीस पाटील म्हणजे पोलीस नव्हे. गावातले जन्म-मृत्यू लिहायचे, कोण आलं, कोण गेलं ते पाहायचं आणि काही भानगड झाली की ठाण्याला कळवायचं, हे त्यांचं काम. गाव पिंपळगाव राजाच्या पलीकडं, फाट्यावर बसमधून उतरून अर्धा तास चालत जाण्याच्या अंतरावर. तिथं भानगडी त्या किती होणार? पण पाटलांना लिहायला कधी कमी पडलं नाही. कुणाचा बैल कुणाच्या पऱ्हाटीत शिरला, कोण गारुडी गावात उतरला, बिबट्या दिसला असं कोण म्हणतं आणि तो त्या वेळी प्यालेला होता की नाही, सगळं वहीत असायचं.

माझा बाप त्यांचा कोतवाल. पाटलांचा निरोप घरोघर पोचवायचा आणि आठवड्याला त्यांचा अहवाल घेऊन पायी ठाण्याला जायचं, हे कोतवालाचं काम आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. धर्मांतर झालं, आमच्या वस्तीला बौद्धवस्ती म्हणायला लागले, घरात नवी तसबीर आली, पण बा काही ठाण्याला जायचा थांबला नाही. त्याला अक्षर येत नव्हतं. तीस वर्षं तो गावाच्या बातम्या फेट्यात खोवून नेत होता आणि त्यातली एकही त्याला वाचता येत नव्हती.

पाटील उंच, किडकिडीत. धोतरावर काळा कोट, तो भर उन्हाळ्यातसुद्धा. त्यांची पेन्सिल जांभळी, जिभेवर ओली केल्याशिवाय न उमटणारी, त्यामुळं त्यांची जीभ कायम जांभळी असायची. लहान मुलांना वाटायचं, पाटलांना जन्मतःच तशी आहे. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं.

त्यांच्या खरेपणाचं कौतुक वगैरे कुणी करत नव्हतं. तो एक त्रास होता आणि गाव तो सोसत होतं. एका पोळ्याला त्यांचा सख्खा साळा पत्ते कुटताना सापडला. पाटलांनी त्याचं नाव सगळ्यांच्या आधी लिहिलं आणि बाच्या हाती ठाण्याला पाठवून दिलं. पाटलीणबाई दिवाळीपर्यंत नवऱ्याशी बोलल्या नाहीत. दर आठवड्याच्या अहवालात शेवटी ‘गावात शांतता आहे’ असं लिहायची पद्धत होती. त्या दोन-अडीच महिन्यांच्या अहवालांत पाटलांनी ‘गावात शांतता आहे. घरातही आहे’ असं लिहिलं. हे मला ठाण्यातल्याच एका जमादारानं सांगितलं. ठाणेवाल्यांनी ते कागद म्हणे जपून ठेवले होते.

एकदा मोठे साहेब झाडं लावायला आले. शंभर खड्डे, शंभर रोपं असा हुकूम होता. रोपं आली अकरा. साहेबांसोबतचा कारकून म्हणाला, शंभर लिहून टाका पाटील, कागदाचं काय एवढं. पाटलांनी जीभ बाहेर काढली, पेन्सिल ओली केली आणि लिहिलं, ‘अकरा. पैकी चार, साहेब जेवत असतानाच, शेळीने खाल्ली.’ शेळी कुणाची तेही लिहिलं. ती त्यांचीच होती.

महाराष्ट्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील, तेव्हा सरकारनं पिढीजात पाटीलकी बंद केली. आता ज्याला पोलीस पाटील व्हायचं त्यानं रीतसर अर्ज करायचा. म्हणजे आजोबा-पणजोबांपासून ज्या सतरंजीवर बसत आले, तिच्यावरच बसू द्या म्हणून पाटलांना अर्ज करावा लागला. तहसिलीतून नियमाप्रमाणं उमेदवाराच्या वर्तणुकीची चौकशी निघाली आणि ती नियमाप्रमाणं गावच्या पोलीस पाटलाकडंच आली. दुसरा कुणी असता तर हसून कागद परत पाठवला असता. यांनी तीन दिवस विचार करून स्वतःबद्दल लिहिलं: ‘स्वभाव तापट. दारू नाही, जुगार नाही. लोकांत मिसळणे कमी. पत्नीची तक्रार आहे, पण ती लेखी नाही.’ नेमणूक झाली.

माझं आणि त्यांचं जमायचं काही कारण नव्हतं. गाव सोडून जाणाऱ्या प्रत्येकाला ते तीन प्रश्न विचारायचे. कुठी? कायले? कधी वापस? मी कॉलेज संपवून, सरकारी शिष्यवृत्तीवर अमेरिकेला माती शिकायला निघालो तेव्हा मलाही विचारलं. अमेरिकेले. शिकाले. दोन वर्षांनी. त्यांनी लिहून घेतलं. माती शिकायला इतकं लांब जावं लागतं याचं त्यांना नवल वाटलं असावं, पण ते विचारणं त्यांच्या कामात बसत नव्हतं.

मी परत आलो तो सहा वर्षांनी. चावडीपुढून जाताना त्यांनी थांबवलं, वही काढली, पान शोधलं आणि म्हणाले, “चार वर्षं उशीर.”

तो उशीर मला आणखी वाढवायचा होता. माझी विद्यार्थी म्हणून राहण्याची मुदत संपत आली होती. विद्यापीठानं मातीच्या प्रयोगशाळेत नोकरी देऊ केली होती, पण तिथं कायम राहायची परवानगी मिळाली तरच. त्या परवानगीच्या अर्जाला जे ढीगभर कागद लागत होते, त्यात एक जन्मगावच्या पोलिसांचा दाखला होता. तेवढ्यासाठी मी महिन्याची रजा काढून आलो होतो.

खरं सांगतो, मला तिथं राहायचं होतं ते काही गाड्या-बंगल्यांसाठी नाही. तिथं ‘तुमचं गाव कोणतं?’ असं कुणी विचारलं तर मी बुलढाणा जिल्हा म्हणायचो आणि प्रश्न तिथंच संपायचा. पुढचा प्रश्न, गावात घर कुठल्या बाजूला, हा तिथं कुणाला सुचतच नव्हता. सहा वर्षं ज्यानं हे सुख उपभोगलं, त्याला ते सोडवत नाही. परवानगी नाकारली तर विमानात बसून परत, नोकरी गेली, सगळं गेलं. माझी झोप त्या एका दाखल्यापायी उडाली होती.

मी बुलढाण्याला जिल्ह्याच्या कचेरीत अर्ज दिला. तिथून तो ठाण्यात आला आणि ठाण्यातून एक छापील कागद गावात, पाटलांकडं. कागदावर प्रश्न होता: सदर इसमाविरुद्ध गावी कधी काही तक्रार झाली आहे काय? असल्यास तपशील द्यावा. ठाणेदारानं मला आधीच सांगून ठेवलं होतं, काही काळजी करू नका, पाटील ‘निरंक’ लिहितील आणि मोकळे होतील. ठाणेदार नवीन होता. पाटलांना ओळखत नव्हता.

मी आणि बा चावडीवर गेलो. बा नेहमीसारखा दाराशी उभा राहिला. मी आत गेलो. पाटलांची पंचाईत झालेली दिसत होती. लहानपणी ते मला ‘पोट्ट्या’ म्हणायचे. आता तसं म्हणवेना आणि ‘तुमी’ तोंडातून निघेना. मग त्यांनी मला उद्देशून काही म्हणायचंच टाळलं आणि सगळं बोलणं कागदाकडं बघून केलं. आधी विचारलं, तिकडं जायचं ते कधी वापस? मी म्हणालो, कायमचं तिथंच राहायचा विचार आहे. पेन्सिल हवेत थांबली. त्यांच्या वहीत जाणाऱ्यांचे दोनच प्रकार होते: परत येणारे, आणि लग्न होऊन जाणाऱ्या पोरी.

“तं मंग काय लिहू?” ते म्हणाले. “सासरी?”

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांना खरंच विचारायचं होतं. शेवटी ती जागा त्यांनी कोरी ठेवली आणि माझ्या त्या छापील कागदाकडं वळले. प्रश्न वाचला. मग उठून मागची पेटी उघडली आणि जुन्या वह्यांच्या तळातून एक वही काढली. मला कळेना की हे काय चाललंय. मग त्यांनी वाचायला सुरुवात केली.

‘कोतवाल सखाराम याचा मुलगा, वय अकरा, याने भर दुपारी गावविहिरीवर चढून, स्वतः पोहरा सोडून पाणी काढले व प्याला. तक्रार दोन इसमांची. मुलास समज दिली. अहवाल ठाण्यास कोतवालाहाती रवाना.’

मी विसरलो नव्हतो. शाळेतून येत होतो, ऊन मरणाचं होतं, विहिरीवर कुणी नव्हतं. फक्त ते कुठं लिहून ठेवलेलं असेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. बाच्याही नव्हतं. तो दारातून हळूच म्हणाला, “पाटील, ते मीच नेलं होतं काय?”

“हाव,” पाटील म्हणाले. “तूच.”

“बरं,” बा म्हणाला.

त्या ‘बरं’चा मला इतका संताप आला की काही विचारू नका. मी पाटलांना सांगितलं, हे तुम्ही लिहायचं नाही. हा गुन्हा नव्हता, तेव्हाही नव्हता, आता तर उलट तक्रार करणाऱ्याला तुरुंग आहे. निरंक लिहा. ते म्हणाले, निरंक नाही तर निरंक कसं लिहू? तक्रार झाली आहे काय, असं विचारलं आहे. झाली आहे. गुन्हा होता काय, असं विचारलेलं नाही. मी म्हणालो, हा कागद अमेरिकेत जाणार आहे. ते लोक ‘तक्रार’ एवढा एकच शब्द वाचतील आणि मला हाकलून देतील. तुम्ही मला इथं पाणी पिऊ दिलं नाही, आता तिथंही पिऊ देणार नाही. आवाज चढला होता माझा. चावडीपुढं माणसं जमली. पाटलांनी नेहमीचं वाक्य काढलं, वहीत हाये ते हाये.

तेव्हा मी जे बोललो ते ठरवून बोललो नव्हतो. म्हटलं, “वहीत सगळं असतं ना? मग छडी कुठं हाये?”

कारण ‘समज दिली’ म्हणजे काय ते मला माहीत होतं. चिंचेची ओली छडी होती, याच चावडीच्या पायरीवर, आणि मारणारे हेच होते. पाठीवर आठ दिवस वळ होते. माय रोज तेल लावायची आणि मला उताणं झोपता येत नव्हतं.

पाटलांनी पान पुन्हा वाचलं. मग पान उलटून मागची बाजू पाहिली. मागं काहीच नव्हतं. त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, “कागद राहू दे अथीच.” एवढंच. मी पाय आपटत निघून आलो.

मी ठाणेदाराला भेटलो. त्यानं पाटलांना निरोप धाडला, साधं निरंक लिहायला सांगितलं. पाटलांनी उलट निरोप पाठवला की, साहेबांनी तसा लेखी हुकूम द्यावा. लेखी कोण देणार? मी दोनदा चावडीवर गेलो तर पाटील बोलायलाच तयार नाहीत. कागद लिहून व्हायला त्यांना पाच दिवस लागले. मग तो पाकिटात घालून, लाखेचं सील करून, त्यांनी ठाण्याला पाठवला. अर्थात बाच्याच हाती. मी बाला म्हणालो, फोडून बघू. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं माझ्यावर हात उगारला. दाखला जिल्ह्याहून परस्पर तिकडंच जाणार होता. तेव्हा मी अमेरिकेला परत गेलो तो मनाशी हिशेब धरूनच, की सामान बांधायला लागायचं.

चार महिन्यांनी तिथल्या कचेरीतून मुलाखतीचं बोलावणं आलं. अधिकारी साठीकडं झुकलेला, गोरा, जाड भिंगांचा चष्मा. फाईल चाळता चाळता एका कागदाशी थांबला. पाटलांचा अहवाल पाहून जिल्ह्याच्या कचेरीत बहुधा सगळ्यांनीच डोक्याला हात लावला असणार. असा अहवाल आला तर काय करायचं, याचा नियम त्यांच्याकडं नव्हता. म्हणून कुणीतरी त्याचं शब्दाला शब्द इंग्रजी करून दाखल्याला टाचून दिलं होतं. मूळही सोबत होतं, जांभळ्या अक्षरातलं. अधिकाऱ्यानं ते इंग्रजी मोठ्यानं वाचलं. मी मूळ सांगतो.

‘तक्रार झाली आहे काय? झाली आहे. सदर इसम अकरा वर्षांचा असता विहिरीचे पाणी प्याला. नोंदीत समज दिली असे लिहिले आहे, ते अपुरे आहे. छडीने मारले. किती ते आठवत नाही, मुलास आठवत असेल. दिवस उन्हाळ्याचे होते. मुलगा तहानलेला होता. विहीर गावची, मुलगा गावचा. त्याने गुन्हा केला नाही. मारणाराने केला. मारणाराचे नाव खाली सहीत आहे.’

खाली सही होती. गोविंदराव, पोलीस पाटील.

अधिकाऱ्यानं विचारलं, हा माणूस जिवंत आहे का? मी हो म्हणालो. तुमच्या सांगण्यावरून लिहिलं का? मी म्हणालो, नाही, मी तर लिहू नका म्हणून भांडत होतो. त्यानं तो कागद फाईलमध्ये परत लावला. मग वर न बघता म्हणाला, “मी दक्षिणेकडचा. आमच्या गावच्या कोर्टाबाहेर दोन नळ होते, एक गोऱ्यांचा, एक काळ्यांचा.” आणि त्यानं शिक्का मारला. मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. नोकरीची चिंता मिटली होती, कायम राहायची परवानगी मिळाली होती. आणि मी मात्र रडत होतो. येणारे-जाणारे बघत होते आणि मला कशाची लाज वाटते आहे, ते मला नेमकं माहीत होतं.

कारण गाव सोडलं त्या सकाळचं मी कुणाला सांगितलं नव्हतं. पाटलांना मी पाहिलं ते त्या सकाळी शेवटचं. पुढं चार वर्षांनी गेलो तोवर ते वारले होते आणि त्यांचा मृत्यू कुणा दुसऱ्यानं लिहिला होता.

त्या सकाळी माझी बॅग ओट्यावर होती आणि पाटील आमच्या वस्तीत आले. तीस वर्षांत बा रोज त्यांच्या दारात गेला, पण ते आमच्या दारात कधी आलेले मला आठवत नाहीत. बा दचकून उभा राहिला. मायनं घाईघाईनं बाज टाकली. ते बसले नाहीत. म्हणाले, कागद ठाण्याहून पुढं गेला, एवढं सांगाले आलो. त्यात काय लिहिलं ते बोलले नाहीत, मी विचारलंही नाही. माय रिवाजाप्रमाणं तांब्याभर पाणी घेऊन आली आणि मग तिलाच कळेना की हे पाणी पाटलांना द्यायचं कसं. ती तशीच उभी. मी म्हणालो, “नको देऊ, माय. वहीत लिहितील.”

बानं मान खाली घातली. पाटलांनी माझ्याकडं पाहिलं, मायच्या हातातून तांब्या घेतला आणि तोंड वर करून सगळं पाणी प्याले. बरंच कोटावर सांडलं. मग ते अंगणातल्या चुलीपाशी गेले, खाली बसले आणि चुलीतली राख घेऊन तांब्या घासायला लागले. पाटलांच्या घरी बाला चहा मिळायचा तो ओट्यावरच्या कोनाड्यात ठेवलेल्या वेगळ्या कपातून. पिऊन झाला की बानं तो कप आपल्या हातानं राखेनं घासायचा, धुवायचा आणि पालथा ठेवून यायचा. माय कळवळून म्हणाली, “राहू द्या ना, पाटील.”

“रीत हाये,” ते म्हणाले.

त्यांनी तांब्या घासला, रांजणातलं पाणी घेऊन धुतला आणि चुलीजवळच्या दगडावर पालथा ठेवला. गुडघ्यावर हात टेकून उठायला त्यांना वेळ लागला. बा हात द्यायला पुढं झाला आणि मधेच थांबला. मी त्यांना उठताना बघत होतो, आणि म्हातारा नाटक करतोय असं मनात म्हणून मी बॅग उचलली.